यो म्हणजे पलीकडे

हस्तमान देवान दोह्यात मालाची लिफ्ट चालवतो.
बेचाळीस मजले, लोखंडी पिंजरा, दोन बटणं.
एक बटण दाबताना ओठांत म्हणतो, तो.
दुसरं दाबताना, मो.
मुकादमाला वाटतं, गडी मजले मोजतोय.
याक्खात तो म्हणजे वर
आणि मो म्हणजे खाली.

गावी या दोन शब्दांवाचून पान हलत नव्हतं.
डोंगराच्या अंगावर वसलेलं गाव;
कुणी नुसतं "गेला" म्हटलं की ऐकणारा थांबून राही:
चढून गेला, उतरून गेला,
की समोरच्या उतारावर, तेवढ्याच उंचीला?
घरातलं मीठसुद्धा
चुलीच्या वरच्या अंगाला असे, नाहीतर खालच्या.

इथे जमीन परातीसारखी.
पहिल्याच आठवड्यात कुणी विचारलं, मेस कुठाय?
उत्तर जिभेवर आलं आणि तिथेच बसलं.
वर नाही. खाली नाही.
उरला तिसरा शब्द, यो,
पलीकडे.
मेस पलीकडे, बस पलीकडे, समुद्र पलीकडे,
घर तर पलीकडेच.
एवढासा शब्द, सगळ्या वाळवंटाला पुरून उरला.

याच शब्दापायी एकदा छडी खाल्ली होती.
नेपाळीत यो म्हणजे हे.
"पाटी कुठाय?" मास्तरांनी विचारलं.
याने खिडकीबाहेर हात केला: यो.
मास्तरांनी हाताकडे पाहिलं. हात रिकामा.
"खोटं बोलतोस?"
पाटी ओढ्यापल्याड आत्याच्या ओट्यावर वाळत होती.
वळ दोन दिवसांत गेले.
शब्द मात्र त्या दिवसापासून
चपलांबरोबर शाळेच्या पायरीवर थांबू लागला.

मागच्या कंत्राटात त्याने स्टेडियमच्या खुर्च्या बसवल्या.
एके रात्री हिशेब करून पाहिला:
आपली भाषा बोलणारे सगळे आणून बसवले,
म्हातारे, तान्ही, मलेशियात गेलेली पोरं धरून,
तरी अर्धं स्टेडियम भरत नाही.
मग उगाच वाटलं,
पण आवाज केवढा होईल.

शुक्रवारी फोन. पुतणी उचलते, रोजिना.
हा याक्खात विचारतो, ती नेपाळीत सांगते.
कळतं तिला सगळं.
"बोल की आपलं," म्हटलं तर हसते.
"मोडकं येतं काका. आजी चिडवते."

आजी म्हणजे ह्याची सेतीमाया आत्या.
पुढचे दात गेलेत,
तरी क्रियापदाचं एकही शेपूट तोंडातून निसटत नाही.
यंदा वेलची मुळातून सडली.
नाचणी डुकरांनी नेली, त्यामुळे जांडही बेताची.
आणि हो, तो मोजणीवाला येऊन गेला.
"भाषा विचारली. म्हटलं, याक्खा.
म्हणाला, म्हणजे राई ना?
म्हटलं, नाही, याक्खा.
म्हणाला, तेच ते. आणि लिहून मोकळा.
मला बाबा वाचता येत नाही,
पण आपल्या नावात जोडाक्षराची गाठ असते एवढं ठाऊक आहे.
त्याच्या वहीत गाठ नव्हती.
म्हटलं, खोड. पुन्हा लिही."

"लिहिलं?"

"लिहिलं."
थोड्या वेळाने,
"पेन्सिलीने."

तेवढ्यात मागून चार वर्षांच्या नातीचा आवाज,
काका कुठाय म्हणून.
आणि रोजिना भांडी घासता घासता, सहज:
"यो."

फोनकडे बोट असेल, तर ते नेपाळी.
हा काका, ह्या डबीत.
डोंगरापल्याड बोट असेल तर...
हस्तमानने फोन कानाशी आणखी दाबला.
भांड्यांचा आवाज. कोंबडी. पाणी.
बोट कुठे होतं, ते ऐकू येत नाही.

विचारावं, तर पैसे संपले.
शनिवारी पहाटे पिंजऱ्यात चाळीस पोती सिमेंट,
आणि मुकादम खालून ओरडतो, किती झाले?